परग्रहावरचे शत्रू: आधी त्यांना काय हवंय ते ठरव

रोलप्लेइंग गेमची (खेळाडू पात्रं बनून गोष्ट पुढे नेतात तो खेळ) पहिलीच मोहीम, म्हणजे अनेक सत्रं चालणारी गोष्ट, चालवतोयस ना, मग यानांचे नकाशे आणि शस्त्रांचे आकडे बाजूला ठेव. ते आलेत कशासाठी, एवढं पक्कं कर. ‘पाणी लुटायला’ म्हणशील तर फसशील: गुरूच्या युरोपा या चंद्रावर बर्फाखाली पृथ्वीच्या सगळ्या महासागरांहून जास्त पाणी असावं असा अंदाज आहे. मग पाण्यासाठी इथे येऊन लढेल कोण? त्याऐवजी ते स्वतःच कुणापासून पळत असतील, तर खेळाडूंना बोलणी करायलाही वाव मिळतो.

त्यानंतर दोनच गोष्टी लिही:
- एक कमजोरी, जिचा सुगावा पहिल्या एक-दोन सत्रांतच लागेल
- नाव असलेला, बोलणारा एक शत्रू

अजिंक्य फौज मात्र नको, खेळाडू कंटाळतात (आणि मोबाइल काढतात). त्यांची भाषा, इतिहास वगैरे कुणी विचारलंच तर बघू.