शेली नास्तिक होता, तर त्याच्या 'माँ ब्लाँ' (आल्प्समधलं शिखर) या कवितेत देव कुठून आला? परीक्षेत हे कसं लिहायचं?

देव आलाच नाही. तो आहे कोलरिजच्या कवितेत. गाइडवाले सगळ्या रोमँटिक (1800 च्या आसपासच्या इंग्रज) कवींना एकाच माळेत ओवतात, म्हणून असे प्रश्न पडतात.

एम.ए.ला माझा सेमिनार याच कवितेवर होता. आमच्या सरांचं वाचन दांडगं, पण एक वाक्य ठरलेलं: "या कवींना जळी-स्थळी, काष्ठी-पाषाणी देव दिसतो." मी दोन कविता शेजारी शेजारी ठेवल्या. कोलरिजने 1802 मध्ये माँ ब्लाँच्या पायथ्याच्या शामोनी दरीवर स्तोत्र लिहिलं. त्यात तो हिमनद्यांना विचारतो, तुम्हाला घडवलं कोणी? आणि सगळी दरी 'देव!' म्हणून गर्जते. कोलरिज शामोनीला कधी गेलेलाच नव्हता. फ्रीडरिके ब्रून हिच्या जर्मन कवितेवरून त्याने ते रचलं, आणि तिचं नावही घेतलं नाही.

शेली मात्र 1816 च्या जुलैत प्रत्यक्ष तिथे होता. वय 23. नास्तिकतेवर पत्रक काढलं म्हणून ऑक्सफर्डने 1811 मध्येच काढून टाकलेला. त्या प्रवासात हॉटेलच्या नोंदवहीत त्याने ग्रीकमध्ये स्वतःला नास्तिक म्हणवून घेतलं. त्याच्या हिमनद्या भक्ष्यावर डोळा ठेवलेल्या सापांसारख्या सरपटत येतात, वाटेतली पाइनची झाडं मोडतात, पाखरांची, जनावरांची घरं गिळतात, माणसं घाबरून पळतात. आणि शेवटी तो शिखरालाच विचारतो: माणसाच्या कल्पनेला शांतता आणि एकांत म्हणजे नुसती पोकळी वाटली असती, तर तू, ही पृथ्वी, तारे, समुद्र, काय असता? तिथे कविता संपते. उत्तर नाही.

हे वाचून दाखवल्यावर सर म्हणाले, "परीक्षेत असलं लिहिलंस तर मार्क जातील." मी तेच लिहिलं आणि मार्क गेले. आज पेपर दिला तरी तेच लिहीन.

उदात्ताला, म्हणजे भव्यतेपुढे दडपून जाण्याच्या अनुभवाला (sublime), देव लागतोच असं नाही. बर्क या विचारवंताने 1757 मध्येच सांगून ठेवलंय की त्याच्या मुळाशी भय असतं, फक्त जिवावर बेतणार नाही इतक्या अंतरावरून अनुभवलेलं. शेलीच्या कवितेत एक 'शक्ती' आहे, हे मान्य. पण ती दूर, निर्विकार, हाती न लागणारी. आपला विठ्ठल जनाबाईबरोबर दळायला बसतो. या शक्तीला जनीची दखलही नाही. दोन्हींना एकच म्हणणं हा दोघांवर अन्याय आहे, आणि जनाबाईवर जास्त.

वर्डस्वर्थ या कवीपुरतं सरांचं निम्मं खरं आहे, हेही सांगायला हवं. 'टिंटर्न अ‍ॅबी' या कवितेत (1798) मावळतीचा प्रकाश, समुद्र, आकाश आणि माणसाचं मन यांतून एकच चैतन्य वाहतं, पण तिथेही तो त्याला देव म्हणत नाही. पुढे तो चर्चकडे वळला. 'प्रेल्यूड' या त्याच्या आत्मचरित्रपर दीर्घकवितेचा 1805 चा खर्डा आणि 1850 ची छापील आवृत्ती ताडून पाहा, ख्रिस्ती रंग वाढलेला दिसेल.

तुमच्या उत्तराचं म्हणाल, तर कोलरिज आणि शेली समोरासमोर ठेवा, बर्क एका परिच्छेदात उरका. वर्गात कोणी 'निसर्गात देव' म्हणालं, तर 'माँ ब्लाँ'मधली देव असलेली ओळ दाखवा म्हणावं.