वाचकांचे प्रश्न : ओली वाळू आणि मेटल डिटेक्टर

प्रश्न : दिवेआगरला गुडघाभर पाण्यात पत्नीचं मंगळसूत्र पडलं. भाड्याने मेटल डिटेक्टर आणून शोधलं तर सापडेल का? (वाचक, पुणे)

उत्तर : सापडू शकतं, पण आधी एक आठवून पाहा : पडलं तेव्हा भरती होती की ओहोटी? भरतीच्या वेळी गुडघाभर पाणी असलेली जागा ओहोटीला उघडी पडते. तसं असेल तर पाण्यात उतरायची गरजच नाही. किनाऱ्यावरच्या दोन खुणा, एखादा माड आणि त्यामागचं घराचं छप्पर, एका रेषेत कुठून दिसत होत्या ते आठवलं तर जागा बरीच नेमकी ठरते.

दुसरी अडचण दागिन्याचीच आहे. साखळीच्या कड्या एकमेकींना जेमतेम टेकतात, त्यामुळे डिटेक्टरला अख्खी साखळी एक वस्तू म्हणून दिसत नाही, सुट्या बारीक कड्या दिसतात. काळे मणी ओवलेल्या तारेचंही तेच. मशीनला कळतात त्या दोन वाट्या. शोध वाट्यांचाच घ्यायचा. त्यांचा आवाज गोळ्यांच्या पाकिटाच्या चंदेरी कागदासारखाच येतो, म्हणून डिस्क्रिमिनेशन (नको त्या धातूंचे आवाज गाळण्याची सोय) पूर्ण बंद ठेवा आणि प्रत्येक बारीक आवाज उकरा.

चार काठ्या रोवून दोरीने मीटरभर रुंदीचे पट्टे आखा. कॉइल, म्हणजे मशीनच्या दांड्याखालची तबकडी, वाळूला जवळजवळ टेकवून सावकाश फिरवा, पुढचा फेरा आधीच्या फेऱ्यावर निम्मा यायला हवा. पट्टे संपले की तीच जागा काटकोनात पुन्हा तपासा. पाण्यात शोधताना सिग्नलच्या जागी कॉइलशेजारी पाय रोवा, कॉइल बाजूला घ्या आणि लांब दांड्याच्या जाळीदार फावड्याने थोडं मागून खोल उचला. मग तोच खड्डा परत तपासा, कारण वस्तू बरेचदा कडेच्या वाळूसोबत तळाला घसरते. बाजारातल्या फावड्यांची भोकं बहुधा अंगठी अडेल एवढीच लहान असतात. वाटी किंवा कुडी त्यातून निसटते, म्हणून ५-६ मिलिमीटरची जाळी घ्या. उशीर मात्र करू नका. सोनं वाळूच्या कणांपेक्षा सहापटीहून अधिक जड, लाटेने सैल केलेल्या वाळूत ते शिंपल्यांच्या किंवा चिखलाच्या घट्ट थरापर्यंत उतरत जातं. वाटीसारखी लहान वस्तू वीतभर खाली गेली की बहुतेक मशीन गप्प बसतात.

प्रश्न : माझं मशीन कोरड्या वाळूत छान चालतं, ओल्या वाळूत मात्र सारखं वाजत राहतं. बिघाड आहे का? (वाचक, रत्नागिरी)

उत्तर : बिघाड नाही. खाऱ्या पाण्यातून वीज वाहते, त्यामुळे कॉइलखालची सगळी ओली वाळूच मशीनला धातूसारखा प्रतिसाद देते. मशीनच्या सिग्नलपट्टीवर हा प्रतिसाद नेमका पातळ सोन्याच्या आणि चंदेरी कागदाच्या जागी पडतो. मशीन शांत करण्यासाठी डिस्क्रिमिनेशनने तो भाग कापला, की नाजूक दागिनेही कापले जातात. एकाच फ्रिक्वेन्सीच्या मशीनची मर्यादा हीच. तुमच्याकडची काळी वाळू तर दुहेरी त्रास देते, तिच्यात लोहयुक्त खनिजं असतात.

करायचं ते असं. धातू नसलेली ओली जागा निवडून कॉइल वाळूपासून २ ते ३० सेंटिमीटर खालीवर हलवत ग्राउंड बॅलन्स करा, म्हणजे वाळूचा स्वतःचा आवाज मशीनला दुर्लक्षित करायला लावा. मग खोटे आवाज थांबेपर्यंत सेन्सिटिव्हिटी एकेक पायरीने उतरवा. सेन्सिटिव्हिटी कमी ठेवल्याने थोडी खोली गेली तरी चालेल. सतत बडबडणाऱ्या मशीनमध्ये खरा सिग्नल ऐकूच येत नाही. कॉइल पाण्याच्या रेषेला समांतर फिरवा, ओल्यातून कोरड्यात नेऊ नका. पाण्यात असाल तर ती पूर्ण बुडलेली हवी. केबल दांड्याला घट्ट गुंडाळा, खिशातला मोबाइल बंद करा. आणि कॉइलचं प्लास्टिक आवरण काढून पाहा. आत साचलेली ओली वाळू कित्येकांना हैराण करते, आणि दोष मशीनवर जातो.

नवं घेणार असाल तर मल्टी-फ्रिक्वेन्सी, म्हणजे एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर चालणारं, घ्या, आमचं मत त्याच बाजूचं आहे. पल्स इंडक्शन (विजेचे तुटक झटके सोडून धातू ओळखणारं) मशीन खाऱ्या आणि काळ्या वाळूतही खोल जातं, पण लोखंड वेगळं काढत नाही. होड्यांचे खिळे आणि गळ उकरण्यातच दिवस जाईल. पाण्यात उतरण्याआधी पुस्तिका वाचा : पुष्कळ मशीनची फक्त कॉइल जलरोधक असते, वरचा डबा नव्हे. बिनतारी हेडफोनचा सिग्नलही पाण्याखाली पोचत नाही. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा.

प्रश्न : कोणत्या वेळी जावं? (वाचक, डोंबिवली)

उत्तर : ओहोटी लागून चार तास झाले की, पाण्याच्या मागोमाग उतरत. मुंबई-कोकणात कोळी मंडळींचा हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची ढोबळ वेळ. पंचमीला पावणेचारला भरती, तर दहाच्या सुमारास ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी सर्वांत मागे जातं. पावसाळ्यात लाटा किनाऱ्याची वाळू ओढून नेतात आणि शांत समुद्र ती परत आणतो, म्हणून दर्या निवळल्यावरचे पहिले आठवडे उत्तम. पाण्यात पाय उचलून टाकू नका, घासत चाला. पाकट (वाळूत दडणारा, शेपटीला काटा असलेला चपटा मासा) चाहूल लागली की बाजूला होते, अंगावर पाय पडला तर काटा मारते. नोव्हेंबर ते मे वेळास-आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर भरतीरेषेच्या वरची वाळू उकरायची नाही, तिथे कासवांची अंडी असतात.

प्रश्न : अलिबागला जुनी नाणी मिळाली तर ठेवून घेता येतील का? (वाचक, पनवेल)

उत्तर : नाही. १८७८च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं : काय, किती, कुठे आणि कधी. लपवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ओहोटीला चालत जाता येणारा कुलाबा किल्ला संरक्षित स्मारक आहे, तिथे परवान्याशिवाय खोदता येत नाही. आमचा सल्ला, किल्ल्यापासून किमान ३०० मीटर दूर राहा. नाणी घासून उजळू नका. आजकालचा हरवलेला दागिना मिळाला, तर तो पोलीस ठाण्यात जमा करून पोच घ्या.