घरातला धूर आणि फुफ्फुसे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आईने पंचवीस वर्षे चुलीवर स्वयंपाक केला. आता घरात गॅस आहे, पण जिना चढताना तिला दम लागतो आणि सकाळी खोकून कफ पडतो. तिने आयुष्यात धूम्रपान केलेले नाही. हे वयामुळे असेल का?

वयावर ढकलून मोकळे होऊ नका. सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होऊन दम लागण्याचा फुफ्फुसांचा आजार, धूम्रपान न करणाऱ्यांनाही होतो आणि त्याचे एक मोठे कारण चुलीचा धूर हेच आहे. धुरातले 2.5 मायक्रॉनहून बारीक कण नाका-घशात फारसे अडकत नाहीत, थेट वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुफ्फुसांतल्या हवेच्या बारीक पिशव्यांपर्यंत पोचतात. बारीक श्वासनलिका वर्षानुवर्षे सुजलेल्या राहिल्या की त्यांच्या भिंती जाड होतात. चूल सुटली तरी ते नुकसान पूर्ण भरून येत नाही, पण पुढची झीज मंदावू शकते.

एक्स-रे चांगला आला म्हणून निर्धास्त राहू नका, सुरुवातीचा आजार त्यात बहुधा दिसत नाही. स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्राच्या नळीत फुंकून फुफ्फुसांतून किती हवा किती वेगाने बाहेर येते ते मोजण्याची तपासणी, करून घ्या. आधी एकदा फुंकायला लावतात, मग श्वासनलिका रुंदावणारे औषध देऊन 15-20 मिनिटांनी पुन्हा. औषधानंतरही पहिल्या सेकंदात बाहेर आलेली हवा एकूण फुंकरीच्या 70 टक्क्यांहून कमी भरली, तर अडथळा कायमचा आहे असे धरतात. फुंकर मध्येच सोडली तर एकूण आकडा कमी येतो, प्रमाण फसवे चांगले दिसते आणि आजार निसटतो. म्हणून छाती रिकामी होईपर्यंत, किमान 6 सेकंद तरी फुंकायचे, हे आईला आधीच समजावून ठेवा. आणि चुलीपुढे रोज किती तास, किती वर्षे गेली, ते डॉक्टरांना आपणहून सांगा. बहुतेक ठिकाणी फक्त सिगारेटचीच चौकशी होते.

प्रश्न : एग्झॉस्ट फॅन लावूनही स्वयंपाकघरात धूर कोंडतो. पंखा छोटा पडतोय का?

बऱ्याचदा पंख्यापेक्षा खिडकीचा दोष असतो. पंख्याला लागून असलेली खिडकी उघडी असेल, तर तो तिथूनच हवा ओढतो आणि तिथूनच फेकतो. शेगडीवरचा धूर जागचा हलत नाही. ती खिडकी बंद करून समोरच्या बाजूचे दार किंवा खिडकी उघडा. सगळेच बंद ठेवले तर पंखा नुसता घरघरतो, कारण बाहेर जाणाऱ्या हवेची जागा घ्यायला आत काही येतच नाही. पातळ कागदाची पट्टी जाळीजवळ धरून पाहा, ती चिकटून राहायला हवी. जाळीवरचे तेलकट थर गरम पाण्यात साबण घालून काढा. पंखा शेगडी पेटवण्याआधी सुरू करा आणि विझवल्यावर 10-15 मिनिटे चालू ठेवा.

नळी बाहेर न काढलेली चिमणी मात्र तेल आणि थोडाफार वास अडवते. ज्योतीच्या उष्णतेने हवेतूनच तयार होणारा नायट्रोजन डायऑक्साइड हा फुफ्फुसांना त्रासदायक वायू ती घरातच परत सोडते.

प्रश्न : त्यापेक्षा एअर प्युरिफायर घेतला तर?

प्युरिफायरमधला हेपा फिल्टर, म्हणजे अतिबारीक कण अडवणारी दाट गाळणी, कण चांगले पकडतो, कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू अजिबात नाही. आत चूल किंवा डासांची कॉइल जळत असताना प्युरिफायर चालवणे म्हणजे भोक न बुजवता होडीतले पाणी उपसणे. कुंड्यांतल्या झाडांवरही भिस्त ठेवू नका. खोलीची हवा जाणवण्याइतकी शुद्ध करायची तर इतकी झाडे लागतील की माणसाला जागा उरणार नाही.

प्रश्न : थंडीत निखाऱ्यांची शेगडी खोलीत ठेवतो. धूर येत नाही, मग चालेल ना?

नाही. धूर नसलेले निखारेच भरपूर कार्बन मोनॉक्साइड सोडतात. त्याला ना रंग ना वास, आणि हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखणे, मळमळ, गुंगी ही लक्षणे एकाच खोलीतल्या दोघा-तिघांना एकदम जाणवली तर सगळ्यांना लगेच उघड्यावर न्या आणि रुग्णालय गाठा. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर अशा वेळी 98 दाखवत असला तरी थांबू नका. साध्या ऑक्सिमीटरला कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन ऑक्सिजनवाल्यापासून वेगळे ओळखता येत नाही. नेमके प्रमाण रक्ताच्या तपासणीतच कळते.