बी.ए. झालं, घरून एकच वर्ष मिळतंय: एम.ए. करू की सर्टिफिकेट कोर्स?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाव दिग्रस तालुक्यातलं, यंदा भूगोल घेऊन बी.ए. झालं, घरी कोरडवाहू शेती. वडील म्हणतात, एक वर्ष देतो, त्यात काय शिकायचं ते शिकून घे. एम.ए. दोन वर्षांचं, म्हणून विद्यापीठाचा एखादा सहा महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स करून मोकळं व्हावं का?

ताई, एम.ए.लाच प्रवेश घ्या. सर्टिफिकेट सोबत करा, त्याच्या ऐवजी करू नका. मी वऱ्हाडातल्याच एका तालुक्याच्या कॉलेजात ग्रंथपाल आहे. निकाल लागले की हाच प्रश्न घेऊन पोरी ग्रंथालयात येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी त्या एका वर्षाचं. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रम नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे चालतात. दोन वर्षांच्या एम.ए.मधून पहिल्या वर्षानंतर बाहेर पडायची त्यात सोय आहे. पहिल्या वर्षाची ४० ते ४४ क्रेडिट (शिकवण्याच्या तासांवरून ठरणारी एककं) पूर्ण असली, म्हणजे एकही पेपर मागे राहिला नसला, तर पदव्युत्तर पदविका मिळते. क्रेडिट तुमच्या एबीसी (अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) खात्यात जमा होतात आणि ७ वर्षांपर्यंत तिथे राहतात. म्हणजे वडिलांनी दिलेलं वर्ष वाया जात नाही. वर्षाअखेर हातात पदविका असते, आणि पुढे घरची परिस्थिती सुधारली किंवा वडिलांचं मन वळलं तर दुसरं वर्ष तिथून पुढे करता येतं. सहा महिन्यांच्या सर्टिफिकेटला ही पुढची वाट नसते. प्रवेश घेतानाच ऑफिसातून हे विचारून घ्या आणि एबीसी आयडी काढून ठेवा, डिजिलॉकरवरून निघतो.

आता सर्टिफिकेट. सर्टिफिकेट या नावाखाली काय काय खपतं ते पाहून मला खरंच वाईट वाटतं. कागदावर सहा महिने लिहिलेलं असतं. तुम्ही विचारा, क्रेडिट किती? थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास शिकवणं, प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. दोन क्रेडिटचा थिअरीचा कोर्स असेल तर सहा महिन्यांत मिळून ३० तास. मग त्याची फी आणि तुमच्या येण्याजाण्याचा खर्च यांचा हिशेब तुम्हालाच मांडता येईल. आणि क्रेडिटचा आकडा ज्याला सांगताच येत नाही, त्याच्याकडे पैसे भरू नका.

तालुक्याच्या ठिकाणी बसस्टँडच्या आसपास ज्यांच्या पाट्या असतात, त्यांच्याबद्दल तर आणखी सावध राहा. युजीसी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग, बोगस विद्यापीठांची यादी आपल्या वेबसाइटवर टाकते. त्या यादीत नागपूरचंही एक नाव वर्षानुवर्षं आहे. हे लांब दिल्लीत घडतं असं समजू नका.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे जाहिरात. कोर्स निवडायच्या आधी, जी नोकरी मनात आहे तिची जुनी जाहिरात काढा आणि शैक्षणिक अर्हतेचा रकाना वाचा. भूगोल झालेल्या मुलामुलींना वाटतं, आपण नकाशे शिकलो, तेव्हा भूमी अभिलेखचं भूकरमापकाचं पद आपलंच. तिथे सिव्हिलचा डिप्लोमा किंवा आयटीआयचा सर्वेअर ट्रेड मागतात. एम.ए. भूगोल चालत नाही. तलाठी, म्हणजे आताचा ग्राम महसूल अधिकारी, आणि एमपीएससीची राज्यसेवा यांना कुठलीही पदवी पुरते. ती तुमच्याकडे आजच आहे, त्यासाठी एम.ए. लागत नाही. लिपिकाच्या पदाला मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचं टायपिंगचं शासकीय प्रमाणपत्र लागतं. राज्य परीक्षा परिषद ती परीक्षा घेते. माझं मत विचाराल तर आपल्याकडच्या मुलींसाठी सगळ्या छोट्या सर्टिफिकेटांमध्ये हे सगळ्यात कामाचं. जाहिरातीत नाव घेऊन मागितलेलं असतं आणि तालुक्याला राहून होतं. एम.ए.सोबत करून टाका.

शिक्षिका व्हायचं असेल तर मात्र एम.ए.ला पर्याय नाही. ज्युनिअर कॉलेजला एम.ए. आणि बी.एड. लागतं. सीनियर कॉलेजला एम.ए.ला ५५ टक्के (मागासवर्गीयांना ५०) आणि वर नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा, नाहीतर पीएच.डी. माझ्या ग्रंथपालाच्या पदालाही नेट-सेटच लागते. ही वाट लांबची आहे आणि तिच्या शेवटी बरेच जण तासिका तत्त्वावर अडकलेले आहेत. सेट झालेली माणसं वर्षानुवर्षं तासांवर शिकवतात आणि सुट्टीच्या महिन्यांत त्यांचं मानधन बंद असतं. हा अन्याय आहे आणि तो तुम्हाला आधी माहीत असायला हवा. तरी जायचं ठरवलंत तर ५५ टक्क्यांची अट पहिल्या सत्रापासून डोक्यात ठेवा, शेवटी ती भरून काढणं फार जड जातं.

भूगोलवाल्यांसाठी जो कोर्स मी मनापासून सुचवीन तो जीआयएस (संगणकावर नकाशे आणि माहिती जोडणं) आणि रिमोट सेन्सिंगचा (उपग्रहाच्या चित्रांवरून जमीन-पाणी ओळखणं). डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था, म्हणजे इस्रोचीच संस्था, घरबसल्या करायचे ऑनलाइन कोर्स चालवते. त्यांना फी नाही आणि प्रमाणपत्र मिळतं. क्यूजीआयएस हे असे नकाशे करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. केंद्र सरकारच्या स्वयम पोर्टलवरही कोर्स आहेत, शिकायला पैसे नाहीत, परीक्षेला बसायचं असेल तर फी भरावी लागते. या क्षेत्रातल्या मोठ्या संस्था आपल्या नागपुरातच आहेत: महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आणि राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था. गावोगावी ज्याला पोकरा म्हणतात, त्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाचं पाणलोटाचं नियोजनही नकाशांवरच चालतं.

आणि इथेच एम.ए. आणि सर्टिफिकेट एकमेकांना धरून चालतात. नव्या रचनेत दुसऱ्या सत्रात ४ क्रेडिटचं फील्ड प्रोजेक्ट किंवा ऑन जॉब ट्रेनिंग असतं. बरेच विद्यार्थी ते कुठून तरी उतरवून देतात. तुम्ही स्वतःच्या गावाचं करा. गावातल्या विहिरी आणि बोअर गट नंबरवार नोंदवा, मार्च ते मे पाण्याची पातळी मोजा, जमीन काळी की बरड ते लिहा आणि हे सगळं क्यूजीआयएसवर नकाशात घाला. कास्तकाराच्या घरची पोर आहात, कोणत्या विहिरीचं पाणी कधी आटतं हे तुम्हाला आणि तुमच्या वडिलांना जेवढं कळतं तेवढं बाहेरून आलेल्या माणसाला कळणार नाही. पाणलोटाचं काम करणाऱ्या संस्थेत मुलाखतीला जाताना प्रमाणपत्रासोबत हा नकाशा पुढे ठेवा. वडिलांनाही दाखवा. शिकून काय केलं ते त्यांना डोळ्यांनी दिसेल.

दोन्ही एकत्र करायला नियमाची अडचण नाही. एप्रिल २०२२ पासून युजीसीने एकाच वेळी दोन पदव्यासुद्धा करू दिल्या आहेत, वेळा एकमेकींवर येत नसतील किंवा एक दूरस्थ असेल तर.

पैशांचं पटकन सांगते. महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर अर्ज उघडले की लगेच भरा, शेवटच्या आठवड्यात सर्व्हर दमवतं. उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. मुलींना फी माफ झाली असं तुम्ही ऐकलं असेल, पण २०२४ चा तो निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांचा आहे. एम.ए. भूगोलला तो लागू आहे असं धरून चालू नका. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहेच, पण रोज जाणार असाल तर विद्यार्थ्यांचा मासिक पास त्याहून स्वस्त पडतो.

भूगोलाला प्रात्यक्षिकं असतात, त्यामुळे हजेरी टाळता येत नाही. तुमच्या तालुक्यात भूगोलाचं पीजी नसेल आणि यवतमाळला रोज जाणं झेपत नसेल, तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू पाहा. त्यांची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरतात. फक्त तुम्हाला हवा असलेला अभ्यासक्रम त्या वर्षासाठी युजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या (डीईबी) यादीत आहे का ते बघून घ्या. आता प्रवेशासाठी डीईबी आयडी लागतो, तोही तिथेच निघतो. वणीच्या पलीकडे चंद्रपूरकडे कुणी नातेवाईक असतील आणि तिकडे राहून शिकायचा विचार असेल, तर ते गोंडवाना विद्यापीठात येतं. मग तुमच्या अमरावती विद्यापीठाचं मायग्रेशन, म्हणजे विद्यापीठ बदलायचं प्रमाणपत्र, काढावं लागेल. ते वेळेत मागा, नाहीतर एलिजिबिलिटी अडते.

वडिलांशी बोलताना दोन वर्षांचा विषय काढूच नका असं मी म्हणणार नाही, त्यांच्यापासून काही लपवू नका. पहिल्या वर्षाचा खर्च कागदावर लिहा: फी, पास, पुस्तकं. त्याच्याखाली लिहा की वर्षाअखेर पदविका मिळते आणि टायपिंगची परीक्षाही होते. पुस्तकांचा आकडा कमी धरा. पीजीच्या मुलांना ग्रंथालयातून पुस्तक संच मिळतो का ते आमच्यासारख्यांना येऊन विचारा, बहुतेक जण विचारतच नाहीत. तुमच्या तालुक्याच्या कॉलेजात भूगोलाचं पीजी आहे की नाही ते इथेच खाली कळवा, त्याप्रमाणे पुढचं सांगते.