मुलांना मन वळवणारं विनंतीपत्र लिहायला कसं शिकवावं?

मायना, विषय, दिनांक सगळं जागच्या जागी, पण पत्र वाचून कोणी जागचं हलणार नाही, ही तुमची तक्रार अगदी रास्त आहे. गाइडातली पत्रं पाठ केली की हेच होणार. 'तरी आपण योग्य ती कार्यवाही करावी' यातली 'योग्य ती' म्हणजे कोणती, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक नसतं.

माझ्या वर्गातली बरीच मुलं एसटीने येतात, म्हणून मी विषय तोच देतो: सकाळची गाडी फाट्यावर थांबत नाही. पत्र कोणाला लिहायचं यावरच आधी वाद होतो. मुलांना थेट परिवहनमंत्रीच हवे असतात! पण चालक-वाहकांना सूचना द्यायची ती आगार व्यवस्थापकांनी. तिथे दाद लागली नाही तर विभाग नियंत्रक.

मग वर्गाचे दोन भाग. अर्धे पत्र लिहितात, अर्धे 'आगारात' बसून त्यावर लाल पेनाने शेरे मारतात. 'आमची फार गैरसोय होते.' शेरा: कोणती गाडी? किती मुलं? 'चालक मुद्दाम थांबत नाही.' शेरा: कशावरून? गाडी भरलेली असेल. असले शेरे मारण्यात मुलं आपल्यापेक्षा खवट असतात. हा शेवटचा शेरा तर लाखमोलाचा, कारण साहेब हेच म्हणणार. त्याचं उत्तर पत्रात आधीच हवं.

दुसऱ्या खर्ड्यात मजकूर साधारण असा होतो: 'सकाळी 6:40ची गाडी आमच्या फाट्यावर बरेचदा थांबत नाही. न थांबल्याच्या तारखा सोबत जोडल्या आहेत. येथे 23 पासधारक विद्यार्थी चढतात. शाळा 7:30ला भरते, पुढची गाडी 9:15ला आहे. गाडी भरून येत असल्यास या वेळेला जादा फेरी सोडावी. अन्यथा येथे थांबण्याची लेखी सूचना चालक-वाहकांना द्यावी.'

भावनेला मज्जाव नाही, फक्त ती मुद्द्याला धरून यावी. विद्यार्थी पासात 66.67 टक्के सवलत मिळते, पण उरलेले पैसे मुलांनी आगाऊ भरलेले असतात. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून पास मोफत. एकीने लिहिलं होतं, 'गाडीच थांबत नसेल तर मोफत पास दप्तरात ठेवून काय करू?' त्या वाक्याला मी हात लावला नाही.

मायना सगळ्यात शेवटी. त्याला एक तास पुरतो.

आणि पत्र खरंच पाठवा. मुख्याध्यापकांची सही घ्या, दोन प्रती काढा, एकीवर आगाराचा आवक शिक्का घ्या. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर आवक क्रमांक आणि तारीख घालून स्मरणपत्र लिहायला सांगा. ते चार ओळींचंच असतं, आणि त्यात 'योग्य ती' कुठेच येत नाही.