निकेल आलं कुठून?

प्रिय बेटा,

रात्री साडेअकराचा तुझा मेसेज सकाळी पाहिला. ‘सर, निकेलवर चालणारं एन्झाइम सापडलं!’ आनंद झाला, आणि पोटात गोळाही आला. त्या एन्झाइमचं प्रथिन शुद्ध करायला कॉलम, म्हणजे गाळायची नळी, कोणता वापरलास? निकेलचाच ना?

मीही याच खड्ड्यात पडलोय. निकेलला चिकटणारी हिस्टिडिनची (एका अमिनो आम्लाची) शेपटी लावलेलं प्रथिन, निकेलचा कॉलम, देखणा आलेख. चार महिन्यांनी कळलं, धातू जीवाणूचा नव्हताच, कॉलममधून झिरपला होता. तोवर पोस्टर छापून झालं होतं! अजून कपाटामागे आहे, येशील तेव्हा दाखवीन.

ई. कोलाय या जीवाणूकडून भरमसाट प्रथिन बनवून घेतलं की ते हाताला लागेल तो धातू धरतं. तांबं, जस्त, निकेल घट्ट चिकटतात. मँगनीज आपल्या मनसरच्या खाणीत ढिगाने निघतं, पण प्रथिनात बसलं तर सैलच. म्हणून घट्ट बसलेला धातू तोच खरा, असं समजू नकोस. जिवंत पेशी मोकळं तांबं जवळपास शिल्लकच ठेवत नाही, परीक्षानळीत तसा पहारा कुठला?

आता असं कर. ईडीटीए, म्हणजे धातू पकडून ठेवणारं रसायन, घालून डायलिसिस लाव, म्हणजे प्रथिन बारीक छिद्रांच्या पिशवीत राहील आणि धातू बाहेर जाईल. मग पिशवी ताज्या बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) दोन-तीनदा बदल, नाहीतर उरलेलं ईडीटीए तू नंतर घातलेला धातूच गिळेल. बाहेर 45 अंश आहे, तेव्हा हे सगळं कोल्डरूममध्येच. त्यानंतर जस्त, मँगनीज, कोबाल्ट, निकेल एकेक घालून बघ. कोबाल्टवर जोरात चाललं तर हुरळू नकोस. जस्ताची कितीतरी एन्झाइमं कोबाल्टवरही चालतात. शेवटी शेपटी न लावलेलं प्रथिन मूळ जीवाणूतूनच काढ आणि धातू मोजून घे. कंटाळवाणं काम आहे, पण टाळता येत नाही.

उलटी चूकही होते बरं, खरा धातूच नजरेतून सुटतो. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ जेम्स समनरने 1926 साली अबईच्या जातीच्या शेंगेच्या बियांतून युरिएझ या एन्झाइमचे स्फटिक काढले, 1946 साली नोबेलही मिळालं. त्यात निकेल आहे हे उघड झालं 1975 साली! तुमच्या शेतात कपाशीला टाकलेल्या युरियाचा अमोनिया करतं ते मातीतल्या जीवाणूंचं युरिएझही निकेलवालंच. म्हणजे तुझं निकेल खरंही असू शकतं, मी नाही म्हणत नाहीये.

सोमवारी येताना नुसता बफर, ज्यात काहीच घातलेलं नाही असा, आम्लाने धुतलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीत आण. आधी त्यातलंच निकेल मोजू.

तुझा,
सर