जुनी वाट सापडली म्हणून तो पट्टा सोडू नका

अमेरिकेतल्या तुमच्या जवळच्या नॅशनल फॉरेस्टचा, म्हणजे केंद्र सरकारच्या जंगलाचा, आराखडा नव्याने होतोय. त्यात साडेसहा हजार एकरांचा बिनरस्त्याचा पट्टा आहे, पण आत लाकूडतोडीच्या काळातली जुनी वाट आहे आणि एका कडेला हायवेचा आवाज येतो. तरी त्याला वाइल्डरनेसचा, म्हणजे कायद्याने नैसर्गिक अवस्थेत राखलेल्या रानाचा, दर्जा मागण्यात अर्थ आहे का, असं तुम्ही विचारलंय. नक्की आहे. व्हर्जिनिया आणि वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरांत असे पट्टे मी पायी पालथे घातलेत, त्यावरून सांगतो.

आधी शब्दाचं. आपण पटकन ‘अभयारण्य’ म्हणतो आणि तिथेच घोळ होतो. वाइल्डरनेसमध्ये शिकार चालते, मासेमारी चालते, आधीपासूनची गुरचराईसुद्धा चालू राहते. बंद होतात ते रस्ते, मोटारी आणि यंत्रं. माउंटन बाइकही नाही. वाटेवर झाड आडवं पडलं तर ते सहसा हातकरवतीनेच कापतात. म्हणून गावातल्या शिकाऱ्यांना आधीच विरोधक धरू नका, त्यांच्याशी बोला.

आता जुन्या वाटेचं. जमीन कधीच कोणी हाताळलेली नसावी, असं 1964 च्या वाइल्डरनेस कायद्यात कुठेही नाही. माणसाच्या कामाच्या खुणा सहज नजरेत भरू नयेत, एवढीच अपेक्षा आहे. पूर्वेकडची जंगलं एकदा तोडली गेलीत, त्यांना हा दर्जा लागूच होत नाही, असा आग्रह ही जंगलं सांभाळणाऱ्या फॉरेस्ट सर्व्हिसने सत्तरच्या दशकात धरला होता. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, 1975 च्या कायद्यात पूर्वेकडचे 16 पट्टे घोषित केले आणि तो वाद मिटवला. त्यातलंच एक वेस्ट व्हर्जिनियातलं डॉली सॉड्स. तिथला रेड स्प्रूस हा सूचिपर्णी वृक्ष तोडून नेला होता, मागून लागलेल्या आगींत माती पार खडकापर्यंत जळाली, दुसऱ्या महायुद्धात सैन्याने तिथे तोफगोळ्यांचा सराव केला. न फुटलेले गोळे अजूनही सापडू शकतात. तरी ते वाइल्डरनेस झालं आणि 2009 मध्ये वाढवून 17,371 एकर करण्यात आलं. तुमची वाट त्यापुढे काय आहे?

मी एका पट्ट्यात गेलो तेव्हा नकाशावर रस्त्याची ठळक रेघ होती. प्रत्यक्षात तिच्या मधोमध टुलिप पॉप्लर उभं होतं, दोन्ही हातांच्या कवेत न मावणारं. त्याच्या पलीकडे ओढ्याखाली घातलेला जुना पाइप, गंजून चाळण झालेला, पालापाचोळ्यात रुतलेला. पाय अडखळला तेव्हा कुठे तो मला दिसला. ‘नजरेत न भरणं’ म्हणजे हेच. असं काही दिसलं की फोटो काढा आणि ठिकाण, तारीख, कॅमेऱ्याची दिशा तिथल्या तिथे लिहा. पहिल्या वेळी मी ‘फार सुंदर, शांत जागा आहे’ असं फॉरेस्ट सर्व्हिसला पानभर लिहून पाठवलं होतं आणि त्यातलं एक वाक्यही कामी आलं नाही.

हायवेच्या आवाजाने घाबरू नका. शहर दिसतं किंवा ऐकू येतं म्हणून जमीन बाद, हा विचारही काँग्रेसने 1978 मध्ये बाजूला सारला. त्या वर्षी न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की शहराच्या डोक्यावरचा सांदिया डोंगर वाइल्डरनेस झाला. शिवाय कायदा उत्तम एकांत ‘किंवा’ साधेपणाने, बंधनांविना भटकण्याची संधी मागतो. ‘आणि’ नाही. ती प्रत्येक एकरावर असावी असंही नाही. हायवेकडची धार ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात तासभर बसा आणि काय ऐकू आलं ते मिनिटांसकट टिपा. कडेची पट्टी खरंच गोंगाटाची असेल तर सीमारेषा आत घ्या. पाच हजार एकरांच्या वर राहिलात की आकाराचा प्रश्न सहसा येत नाही.

एक गोष्ट मात्र जपा. जमिनीत वाइल्डरनेसचे गुण आहेत का, हा एक प्रश्न. तिची शिफारस करावी का, हा दुसरा. फॉरेस्ट सर्व्हिसच्या मूल्यमापनाच्या तक्त्यातच ‘इथे सायकलस्वार येतात’ असं लिहून पट्टा खाली ढकललेला मी पाहिलाय. सायकलस्वारांचं म्हणणं ऐकायलाच हवं, पण त्याची जागा शिफारशीच्या टप्प्यावर आहे. तसं दिसलं तर लेखी हरकत घ्या. 1982 मध्ये कॅलिफोर्निया राज्याने फॉरेस्ट सर्व्हिसच्या देशभरच्या पाहणीविरुद्धचा खटला जिंकला तो याच धर्तीवर: प्रत्येक पट्ट्याचे गुण स्वतंत्रपणे तपासायला हवे होते, ते झालं नव्हतं.

शेवटी दर्जा देते ती काँग्रेसच, आणि त्याला वर्षं लागतात. पण पहिल्या यादीतून पट्टा गळला तर पुढचं सगळंच अवघड होतं, म्हणून आत्ताची मुदत चुकवू नका. पानं गळली की एकदा जाऊन या, तेव्हा जमिनीची ठेवण उघडी पडते आणि जुन्या खुणा असतील तेवढ्या दिसतात. विरोधात जाणाऱ्याही नोंदवा. तो शिकारीचा हंगाम असतो, नारिंगी जाकीट घाला.